झुंड : टीव्हीवर, पडवीत, अकरा पोरांबरोबर (आणि मध्येच लाईट गेली)

आधीच सांगून टाकतो, हा पिक्चर ४ मार्च २०२२ ला थिएटरात लागला तेव्हा मी बघितलेला नाही. आमच्या देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून थिएटर गाठायचं म्हणजे दुकान एक दिवस बंद, आणि मार्च म्हणजे माझा सीझन, उत्पन्नाचे दाखले, मार्चएंड, सगळी बोंबाबोंब. माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, हे पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. मग मे महिन्यात झी५ वर आला तेव्हा मोबाईलवर अर्धा बघितला आणि झोपलो, पिक्चरचा दोष नाही, दिवसभर त्या दाखल्यांच्या पोर्टलशी भांडून आलेला माणूस झोपणारच. खरा बघितला तो पावसाळ्यात, घरच्या पडवीत, मोठ्या टीव्हीवर, आमच्या कबड्डी संघातल्या अकरा पोरांना बसवून. त्यामुळे ह्यात कॅमेरा, एडिटिंग वगैरे फार सापडणार नाही, पोरं कुठे हसली आणि कुठे गप्प झाली ते सापडेल.

पोरांना का दाखवला ते सांगतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आमची निम्मी पोरं शाळा-कॉलेज सांभाळून होडीवर जातात, नाहीतर जाळी ओढायला तरी जातात, ती ह्या दोन महिन्यांत पूर्ण रिकामी. आमचं मैदान म्हणजे कापणीनंतरचा कुणगा (भाताचं शेत), जूनमध्ये त्यात चिखल आणि जुलैमध्ये भात, त्यामुळे कबड्डी पण बंद. मग एसटीच्या शेडमध्ये बसायचं, मोबाईल, पुडी, कुणाची तरी गाडी घेऊन उगाच चक्कर, आणि त्यातून मग जे काय व्हायचं ते होतं. पोरं बिघडतात ती जास्त करून ह्याच दोन महिन्यांत असं माझं आपलं वीस वर्षांचं निरीक्षण, कुठला सर्व्हे नाही. म्हणून म्हटलं आठवड्यातून एकदा पडवीत बसवू, काहीतरी दाखवू, बायको कांदाभजी करेल (तिला विचारलं नव्हतं, ते नंतर ऐकून घेतलं).

त्यातला एक पोरगा आहे त्याला मी इथे कोपरा म्हणतो, कारण तो डावा कोपरा खेळतो आणि त्याची अँकल होल्ड (चढाईवाल्याचा घोटा धरून केलेली पकड) तालुक्यात माहिती आहे. नाव लिहिणार नाही. लिहायचंच नसतं, कायद्यानेच मनाई आहे, ते खाली येईल. दोन वर्षांपूर्वी सोळाचा असताना हा आणि ह्याच्याहून मोठे दोघे, कुणाच्या तरी खळ्यातून काजू बियांच्या गोणी उचलल्या, रात्री गाडीवर टाकल्या, आणि जशा उचलल्या तशा पकडले गेले. मोठ्या दोघांचं जे व्हायचं ते झालं. ह्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेलं. मध्ये काही दिवस निरीक्षणगृहात (प्रकरण चालू असताना अशा पोरांना ठेवतात तिथे) राहून आला. आल्यावर आठ-दहा दिवस घराबाहेर पडला नाही, मग एक दिवस संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन उभा राहिला, मी नुसतं म्हटलं कोपऱ्यात माणूस कमी आहे, एवढंच. ह्याच्या पलीकडे मी काही मोठं केलेलं नाही, उगाच कोणी मला अमिताभ समजू नका.

तर पिक्चर. नागराज मंजुळेचा, हिंदी, जवळजवळ तीन तास. नागपुरातले क्रीडाशिक्षक विजय बारसे, हिस्लॉप कॉलेजात होते, ह्यांनी झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन २००१ मध्ये स्लम सॉकर सुरू केलं, त्यांच्यावरून हा पिक्चर घेतलेला आहे. पिक्चरमध्ये नाव विजय बोराडे, काम अमिताभचं. पोरं चोऱ्यामाऱ्या करणारी, नशा करणारी, मारामाऱ्या तर रोजच्याच, आणि मध्ये एक भिंत, भिंतीच्या अलीकडे वस्ती आणि पलीकडे कॉलेजचं मोठं मैदान. सर एकदा पावसात बघतात तर पोरं प्लास्टिकच्या डब्याने फुटबॉल खेळतायत, आणि तिथून सुरुवात.

त्या भिंतीवर आमच्याकडे पहिली कॉमेंट आली. कोपराच बोलला, "येवढी मोठी भिंत? आमचो गडगो बरो, उडी मारून जावक येता." सगळे फिस्सकन हसले आणि मग एका सेकंदात सगळ्यांच्या लक्षात आलं की तो नेमका कुठला गडगा (दगडी कुंपण) म्हणतोय, कुठून उडी मारली होती ते, आणि पडवीत एकदम सामसूम, नुसता पाऊस. तो स्वतः मात्र भजी खात होता. मला तेव्हा वाटलं की हा पिक्चर दाखवण्यात आपण चूक केली की काय, पण आता बंद करणं म्हणजे अजून वाईट दिसलं असतं, म्हणून बसलो.

सुरुवातीचा तास मस्तच आहे. सर पोरांना खेळायला थेट पैसे देतात, अर्धा तास खेळा, पाचशे रुपये घ्या, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत, आणि एक दिवस म्हणतात पैसे संपले, आणि पोरं तरी पण बॉल मागतात. हे बघून आमच्या एका चढाईवाल्याने विचारलं, "पाचशे रुपये देतत खेळूक? आमका चाय पण गावना नाय!" हशा झाला पण मला ते लागलं हो. खरंच दिलेला नाहीये चहा. पण सांगायचं म्हणजे हा सीन खोटा वाटत नाही, कारण पोराला मैदानावर आणायला पहिल्यांदा काहीतरी द्यावंच लागतं, कुणी टी-शर्ट देतं, कुणी वडापाव, आमच्याकडे गणपतीत मुंबईवाले येतात ते नी-कॅप देऊन जातात. भाषण देऊन पोरगा येत नाही. पिक्चरमध्ये पण सर सुरुवातीला भाषण देत नाहीत, हे मला फार आवडलं, चिडत पण नाहीत, नुसते रोज त्याच वेळेला येऊन उभे राहतात.

आणि पोरं काय निवडलीयत राव. नागपूरचीच, कुठे अॅक्टिंगच्या क्लासला न गेलेली. डॉन झालेला अंकुश गेडाम, त्याला २०२३ ला फिल्मफेअरचं पदार्पणाचं अवॉर्ड मिळालं ते उगाच नाही, तो चालतो कसा ते बघा, खांदे थोडे पुढे काढून, कुणीतरी मारायला येणारच आहे अशा तयारीने. ही चाल मी ओळखतो. आमचा कोपरा निरीक्षणगृहातून आला तेव्हा महिनाभर तसाच चालायचा, पकड करायला पण तसाच उभा राहायचा, खांदे वर, आणि त्यामुळे त्याची पकड सुटायची, कारण अँकल होल्डला खाली जावं लागतं, खांदे सैल लागतात. त्याला मी खांद्याबद्दल कधी बोललो नाही, फक्त वाक म्हणायचो, वाक, अजून वाक. कधीतरी सुटले ते खांदे, नेमके कधी ते माझ्या पण लक्षात नाही. पिक्चरमध्ये डॉनचे खांदे लवकर सुटत नाहीत, आणि तो मध्येच परत जुन्या लफड्यात ओढला जातो, संभ्या म्हणून एक आहे (आकाश ठोसर, सैराटमधला आपला परश्या इथे व्हिलन, पोरांनी आधी ओळखलाच नाही), तो पाठ सोडत नाही. हे पण खरं. तू सुधारलास हे तुझ्या जुन्या दोस्तांना कोण सांगणार?

कॉलेज विरुद्ध वस्ती अशी जी मॅच आहे ती लांबलीय. मान्य करतो. मला स्वतःला मजा आली पण आमची पोरं कबड्डीवाली, ३० सेकंदात चढाई संपते, त्यांना एवढा धीर कुठला. "काकानू, ही म्याच कधी संपतली?" दोनदा विचारून झालं. एकाने विचारलं ह्यांचा डावा कोपरा कोण. फुटबॉल आमच्या बाजूला तसा कमीच, ते तिकडे गोव्याच्या अंगाला, आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेट आणि कबड्डी. पण पोरं हळूहळू रमली, वस्तीच्या टीमचं ते उशिरा येणं, कपडे, केस, कॉमेंट्री, सगळं आपल्या गावच्या नाईट टुर्नामेंटसारखंच आहे, माईकवर बसलेला माणूस पण तसाच, स्वतःलाच हसणारा.

आणि मॅच संपता संपता लाईट गेली.

आमच्याकडे पावसात लाईट जाणं ही बातमी नाही, फांदी पडते, वायर तुटते, कोणाला फोन लावायचा तो लागत नाही. इन्व्हर्टर दुकानात, घरी नाही. तर पाऊण तास अंधारात बसलो, आणि खरं सांगू, ह्या रिव्ह्यूमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग त्या पाऊण तासातला आहे. पोरं बोलायला लागली. एकाने विचारलं ह्यांना पोलीस असं उचलून नेतात, मारतात, मग आपल्या ह्याला (म्हणजे कोपऱ्याला) का नाही बेड्या घातल्या. अंधार होता म्हणून विचारलं, उजेडात नसतं विचारलं. कोपरा गप्प. मग मीच सांगितलं, कारण मंडळाच्या तारखांना त्याच्या आईबरोबर मी जायचो, तिला वाचता येत नाही.

पिक्चरमधली मोठी पोरं सज्ञानच वाटतात, त्यामुळे त्यांना मोठ्यांचं कोर्ट. अठराच्या आतल्याला वेगळा कायदा आहे, बाल न्याय कायदा २०१५ चा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. त्यात पोराला लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, बेडी घालायची नाही, २४ तासांत मंडळासमोर आणायचं. मंडळ म्हणजे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यवाले, त्यातली एक तरी बाई असावी लागते. पोलिसाने युनिफॉर्म घालून यायचं नाही. ह्याच्यासारख्या प्रकरणात जास्तीत जास्त म्हणजे तीन वर्षं विशेष गृहात, पण बहुतेक वेळा समज देतात, समुपदेशन, कुणाच्या तरी देखरेखीखाली घरी. गुन्हेगार हा शब्दच नाही, कागदावर "विधिसंघर्षग्रस्त बालक" असं लिहितात, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते टायपिंगची चूक वाटली होती. आणि ह्या संस्थांमध्ये काय काय सोयी पाहिजेत त्याच्या यादीत खेळ पण आहे, कायद्यात लिहिलेला आहे खेळ. हे ऐकल्यावर अंधारातून कोपरा पहिल्यांदा बोलला, की तिथे संध्याकाळी एक तास व्हॉलीबॉल असायचा, जाळं फाटलेलं होतं म्हणून दोरी बांधलेली, आणि बॉल दोरीच्या वरून गेला की खालून ह्यावर रोज भांडण. आणि तो एक तास सोडला तर बाकी दिवस कसा जायचा ते विचारू नका म्हणाला. कोणी विचारलं नाही.

लाईट आली. पुढचा पिक्चर.

आता दुसऱ्या भागाबद्दल लोकांची तक्रार असते की फुटबॉल गायब होतो, नुसते कागद, पासपोर्ट, ऑफिसं, कंटाळा येतो. मी नेमकं उलटं सांगणार आहे आणि मी झेरॉक्सवाला असल्यामुळे सांगणार आहे असं म्हणायचं तर म्हणा. हा पिक्चर खरा सुरू होतो तोच तिथे. टीमला परदेशात खेळायला बोलावणं येतं आणि मग पासपोर्ट लागतो, आणि पासपोर्टला काय लागतं? तू कोण आहेस त्याचा कागद. रिंकू राजगुरूचं पात्र आहे, दूर गावातली आदिवासी मुलगी, ती आणि तिचा बाप नुसत्या ओळखीच्या कागदासाठी ह्या दारातून त्या दारात फिरतात, आणि जो भेटेल तो म्हणतो मी तुम्हाला ओळखत नाही, कसा लिहून देऊ. माझ्या काउंटरवर हा सीन रोज होतो. मी अतिशयोक्ती करत नाहीये. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, कारण आधार काढताना तारीख माहीत नव्हती, शाळेच्या दाखल्यावर वेगळी, रेशनकार्डावर नाव आजोबांच्या नावाने, आडनाव एका ठिकाणी आहे एका ठिकाणी नाही, आणि समोरची म्हातारी मलाच विचारते, बाबा मग मी कोण? तो बाप पडद्यावर ऑफिसच्या बाहेर ज्या पद्धतीने बसतो ना, पिशवी मांडीवर आणि पिशवीवर हात, असे बसलेले बाप मी हजार बघितलेत.

आणि डॉनचं तर अजून वेगळं. त्याच्यावर केस. त्याचं नाव एका यादीत आधीच आहे, पोलिसांच्या, आणि आता दुसऱ्या यादीत, टीमच्या, ते घालायचंय, आणि पहिली यादी दुसरीला आडवी येते. कोर्टात सर त्याच्यासाठी बोलतात तो सीन थोडा भाषणबाजीचा झालाय, अमिताभ असल्यावर तेवढं होणारच, आवाजच तसा. पण मुद्दा बरोबर पकडलाय. पोराला मैदानावर आणणं सोपं काम आहे हो, बॉल टाकला की येतात. त्याचं नाव कुठल्या कागदावर कसं लागतं तिथे खरी कुस्ती असते, आणि ते काम कोच करत नसतो, ते कोणीतरी ऑफिसात, काउंटरवर बसून करत असतं किंवा करत नसतं. खेळावरच्या बाकीच्या पिक्चरमध्ये हा भाग मॅचच्या मधल्या गाण्यात उरकून टाकतात. मंजुळेने त्याला जवळजवळ तासभर दिला. कंटाळा येतो म्हणणाऱ्याने एकदा एखाद्या दाखल्याच्या लाईनीत उभं राहून बघावं.

आमच्या पोराच्या बाबतीत कायदा बरा आहे, म्हणजे लिहिलेला तरी बरा आहे. त्यात असं आहे की मंडळाने प्रकरण निकाली काढलं की त्याचा डाग पुढे लागायचा नाही, त्यामुळे कुठली अपात्रता येत नाही (सोळाच्या वरच्या पोराने फार भयंकर गुन्हा केला असेल तर वेगळं), आणि रेकॉर्ड पण ठराविक मुदतीनंतर नष्ट करायचं. नाव, फोटो, शाळा, गाव, ओळख पटेल असं काहीही छापायचं नाही. पण गावात छापायला कुठे लागतं? गेल्या वर्षी शेजारच्या एका संघाबरोबर मॅच ठरवत होतो, तर त्यांचा माणूस फोनवर मला म्हणतो, तुमचा तो पोरगा येणार असला तर आमच्या बॅगा कोण सांभाळणार? हसत म्हणाला, म्हणजे मस्करी. मी फोन ठेवला. मॅच झाली नाही. कोपऱ्याला मी सांगितलं त्यांच्या मैदानात पाणी आहे. त्याने विचारलं नाही जानेवारीत पाणी कुठलं.

ह्यावरून आठवलं म्हणून मध्येच सांगतो, असाच एक इंग्लिश पिक्चर आहे, ड्वेन जॉन्सनचा म्हणजे आपला रॉक, २००६ चा "ग्रिडआयर्न गँग". तो तर थेट पोरांच्या सुधारगृहातला, लॉस एंजेलिस काउंटीचा कॅम्प किलपॅट्रिक, मालिबूला. तिथला शॉन पोर्टर नावाचा प्रोबेशनवाला पोरांची अमेरिकन फुटबॉलची टीम काढतो, मस्टँग्स. ती पण खरी गोष्ट, आधी १९९३ मध्ये ह्याच नावाची टीव्हीची डॉक्युमेंट्री आली होती आणि तिला एमी मिळालं होतं. त्यात पण हेच, की कुठली शाळा ह्यांना मॅच द्यायलाच तयार नसते. ते बघितलं तेव्हा मला त्या बॅगांचा फोन आठवला. पण फरक असा आहे की तिकडे पोरं कुंपणाच्या आत आहेत, सरकारच्या ताब्यात, त्यामुळे हेल्मेट, पॅड, बस, जेवण सगळं कोणीतरी देतं, आणि पोरगं सरावाला आलं नाही असं होऊच शकत नाही, जाणार कुठे. रॉक ओरडतो, धावायला लावतो, शिट्टी मारतो, आपल्याला बरं वाटतं. झुंडमध्ये सगळी बाहेर आहेत, कुंपणच नाही, आज आला उद्या येईल की नाही माहीत नाही, आणि सरांच्या हातात शिट्टीशिवाय काही नाही. म्हणून झुंड मला जास्त अवघड आणि जास्त जवळचा वाटतो. आमच्याकडे पण कुंपण फक्त काजूला असतं.

अजून एक, ज्यांना वाटतं शेवटी परदेशात खेळायला जाणं हे सगळं फिल्मी आहे त्यांच्यासाठी, होमलेस वर्ल्ड कप नावाची स्पर्धा खरंच आहे, २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला पहिली झाली, चार-चार जणांची टीम, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, छोटंसं मैदान. भारताची टीम स्लम सॉकरवालेच नेतात. पोरांना हे सांगितल्यावर सात मिनिटांचा हाफ त्यांना एकदम पटला, म्हणाले मग मघाशी ती मॅच एवढी लांबडी का दाखवली.

आता जे खटकलं ते. लांबी, सांगून झालंय. बायकांची पात्रं, रझिया म्हणून एक खेळाडू आहे, पोरीबाळी सांभाळून मैदानात येणारी, तिच्यावर अजून पंधरा मिनिटं खर्च केली असती तर चाललं असतं, मॅचमधून काढायची ती पंधरा मिनिटं. सरांच्या घरचं पण जरा गुळगुळीत आहे, बायको (छाया कदम, उत्तमच) थोडी कुरकुर करते आणि मग सगळं माफ. असं नसतं हो. माझ्या घरात कांदाभजीवरून जे झालं ते बघितलं असतं नागराजने तर सीन बदलला असता. आणि सर फारच चांगले आहेत, एकदाही चुकत नाहीत, एकदाही कुणा पोरावर हात उगारत नाहीत, एकदाही त्यांना वाटत नाही की मरू दे, मी कशाला ह्यांच्या नादी लागलो. मला महिन्यातून दोनदा वाटतं. एकदा कोपऱ्याने सरावाला दांडी मारली आणि त्याच दिवशी गावात कुणाचा तरी मोबाईल हरवला, आणि मी, बाकी सगळ्यांना समजावणारा मी, पहिला त्याच्या घरी गेलो. मोबाईल नंतर मालकाच्याच रिक्षात सापडला. तो तापाने झोपलेला होता. दारात मला बघून तो उठून बसला आणि मी काय म्हणून आलो ते त्याला कळलं, कळलंच, मी उगाच तब्येत विचारली आणि पाणी पिऊन आलो. असा एखादा सीन पिक्चरमध्ये असता, सरांच्या डोक्यात शंका आली आणि पोराला ती दिसली, तर मी पाचपैकी पाच दिले असते. आत्ता चार.

अजय-अतुलचं म्युझिक, पोरं नाचली, पडवीचं एक कौल हललंय बहुतेक, आता गळतंय. आंबेडकर जयंतीचा जो भाग आहे तो मोठ्या आवाजात बघा. भाषा नागपुरी हिंदी, आमच्या पोरांना निम्म्या शिव्या नवीन होत्या, त्या मात्र त्यांनी एकदाच ऐकून पाठ केल्या, ही एक वेगळी किंमत. लहान मुलांबरोबर बघताना तेवढं लक्षात ठेवा. नशेचे सीन आहेत, लपवलेलं काही नाही, पण त्यात मजा दाखवलेली नाही. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की शेवटी कोणी उठलं नाही, शेवटच्या नावांची पाटी संपेपर्यंत पोरं बसली होती, पाऊस पण थांबला होता तरी.

दोन दिवसांनी कोपरा दुकानात आला. कुमार गटाच्या निवड चाचणीचा फॉर्म भरायचा होता, वयाचा पुरावा पाहिजे होता. प्लास्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला कागद काढला, शाळेचा जन्मतारखेचा दाखला, घड्यांवर फाटत आलेला, एका कोपऱ्यात स्टेपल काढल्याची दोन भोकं. मी काचेवर ठेवून नीट सरळ करत होतो तर म्हणाला, "काकानू, हीच थयसर पण लावलेली." मंडळासमोर सोळाचा आहे हे ठरवायला शाळेचाच दाखला लागतो, तोच हा. मी काही बोललो नाही, झाकण लावलं, बटण दाबलं. प्रिंट स्वच्छ आली, भोकं सुद्धा आली, दोन काळे ठिपके.

"दोन काढा," म्हणाला, "एक घराक ठेवतंय."